सेंद्रिय मोसंबी की एकात्मिक? खाणाऱ्याचे आणि फवारणाऱ्याचे आरोग्य

आजारी माणसाला भेटायला जाताना आपल्याकडे हातात मोसंबीची पिशवी असते. ताप उतरला, तोंडाला चव नाही, अशा वेळी डॉक्टरही ‘मोसंबीचा रस द्या’ असे सांगतात. आपल्या जालना जिल्ह्याची तर ती ओळखच आहे. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापूरला आहे. अशा या फळाबद्दल दवाखान्यात अलीकडे दोन प्रश्न वारंवार कानावर येतात.

पहिला प्रश्न नातेवाइकांचा. “डॉक्टरसाहेब, मोसंबी द्या म्हणता, पण तिच्यावर एवढी औषधं मारतात. सेंद्रिय मिळाली तरच द्यावी का?” दुसरा प्रश्न बागायतदारांचा. “सेंद्रिय करायला जावं तर पहिली काही वर्षं परवडत नाही. विद्यापीठवाले एकात्मिक करा म्हणतात. तब्येतीच्या हिशेबानं या दोन्हीत फरक तरी किती?”

मी शेतीतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु फळ खाणारा आणि त्या फळावर फवारा मारणारा, असे दोघेही माझ्याच बाकावर शेजारी शेजारी येऊन बसतात. त्यामुळे या विषयाची आरोग्याची बाजू वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

दोन पद्धती म्हणजे नेमके काय?

सेंद्रिय पद्धतीत रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके आणि तणनाशके पूर्णपणे वर्ज्य असतात. शेणखत, गांडूळखत, हिरवळीचे खत, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी यांवर बाग जोपासावी लागते. नुसते ‘आम्ही काही मारत नाही’ म्हणून बाग सेंद्रिय ठरत नाही. बहुवार्षिक फळबागेला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी साधारण तीन वर्षांचा संक्रमणाचा काळ काढावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात आणि तपासणी होते. मोठ्या झाडाला वर्षाला चाळीस-पन्नास किलो शेणखत द्यायचे, तर दावणीला जनावरेही हवीत. ज्याच्या गोठ्यात आज एकही जनावर नाही, त्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे.

एकात्मिक पद्धत ही मधली वाट आहे. येथे रसायनांना पूर्ण बंदी नाही, मात्र त्यांचा क्रमांक शेवटचा असतो. आधी बागेची स्वच्छता, पाण्याचा निचरा, वाळलेल्या फांद्यांची छाटणी. मग आठवड्यातून एकदा बागेत फिरून कीड किती आहे हे पाहणे. मग सापळे, मित्रकीटक, निंबोळी अर्क. एवढे करूनही कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीपलीकडे गेली, तरच शिफारस केलेले औषध शिफारशीच्या प्रमाणात मारायचे.

आपल्या मोसंबीचेच उदाहरण घ्या. डिंक्या रोग जमिनीतल्या बुरशीमुळे होतो आणि बुंध्याशी पाणी साचले की बळावतो. पाणी बुंध्याला लागणार नाही असे दुहेरी आळे करणे आणि पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो पेस्ट लावणे, हे उपाय दोन्ही पद्धतींत चालतात. रात्री येऊन फळाला भोक पाडणारा रस शोषणारा पतंग घ्या. त्याची अळी बागेत नसतेच, ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. त्या वेली काढल्या, गळालेली फळे गोळा करून पुरली आणि संध्याकाळी बागेत धूर केला, तर बराच फरक पडतो. पतंग रात्री येतो, तेव्हा दिवसा फवारा मारून पैसे आणि आरोग्य दोन्ही वाया जातात.

या दोन्हींहून वेगळी अशी तिसरी पद्धत मात्र आपल्याकडे सर्रास दिसते. दुकानदार देईल ते घ्यायचे, दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळायची, शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारायचे आणि ‘थोडं जास्त टाक, लवकर मरंल’ म्हणून झाकणाऐवजी ग्लासाने मोजायचे. खरा धोका या पद्धतीत आहे.

लिंबूवर्गीय बागेतली एक जुनी गोष्ट

मित्रकीटक ही कल्पना काहींना पुस्तकी वाटते. परंतु तिचा सर्वांत गाजलेला दाखला मोसंबीच्या भाऊबंदांचाच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १८८०च्या सुमारास संत्र्या-लिंबांच्या बागांवर कापसासारखी पांढरी खवलेकीड पडली आणि बागा बसू लागल्या. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियातली. १८८८ साली अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाला तिकडे पाठवले गेले. त्याने तेथून या किडीला खाणारा एक छोटा ढालकिडा पाठवला. दीड-दोन वर्षांत बागा सावरल्या.

पुढे १९४०च्या दशकात डीडीटी आले. बागांवर त्याची फवारणी सुरू होताच तो ढालकिडा मेला आणि विसरली गेलेली खवलेकीड पुन्हा डोके वर काढू लागली. औषध मारल्यावर कीड वाढली! ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनाही नवी नाही. शत्रूबरोबर राखणदारही मारला की असेच व्हायचे. अशा अनुभवांतूनच पुढे १९५९ साली कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी एकात्मिक नियंत्रणाची मांडणी केली.

दोन्हींची समोरासमोर तुलना

सेंद्रिय, एकात्मिक आणि नेहमीची रासायनिक, अशा तिन्ही पद्धती एकाच ठिकाणी लावून पाहण्याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झाला. जॉन रेगॅनोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून सहा वर्षे सफरचंदाच्या बागेचा अभ्यास केला व २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही पद्धतींत उत्पन्न जवळपास सारखे निघाले. जमिनीचा कस सेंद्रिय आणि एकात्मिक या दोन्हींत चांगला राहिला. पर्यावरणाला होणारा उपद्रव, फळाची गोडी आणि नफा यांचा एकत्र विचार करता सेंद्रिय पहिली, एकात्मिक दुसरी आणि नेहमीची रासायनिक शेवटची, असा क्रम लागला.

तो कोरड्या हवेचा प्रदेश आणि पीक सफरचंदाचे, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी जास्त त्रास देते. तरीही एक बोध घेण्यासारखा आहे. सेंद्रिय खत भरपूर असलेली जमीन पाणी धरून ठेवते, हे २०१२-१३च्या दुष्काळात बागा वाळताना पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

खाणाऱ्याच्या दृष्टीने

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सेंद्रिय फळ जास्त पौष्टिक असते का? २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत फारसा फरक त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. २०१४ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पथकाने ३४३ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सेंद्रिय पिकांत काही उपयुक्त घटक जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. थोडक्यात, सेंद्रिय फळात औषधांचे अंश कमी असतात हे खरे, पण त्यात अमृत भरलेले असते असे नाही.

मोसंबीच्या बाबतीत एक दिलाशाची गोष्ट अशी की, तिची साल आपण खात नाही आणि औषधांचे बरेचसे अंश सालीवर व सालीतच राहतात. द्राक्ष, सफरचंद, पेरू, बोर ही सालीसकट खायची फळे. तेथे अधिक काळजी हवी.

द्राक्षांचा अनुभव तर आपल्या महाराष्ट्राचाच आहे. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल नाकारला गेला. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी, फवारणीची वही आणि काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना तपासणे सुरू झाले. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनावरून निर्यातदारांना पुन्हा फटका बसला आणि काळजी आणखी वाढली. सांगायचे असे की, हिशेबाने व नोंद ठेवून केलेली एकात्मिक बाग जगाच्या कडक चाचणीत उतरू शकते. मात्र जी काळजी परदेशी गिऱ्हाइकासाठी घेतली जाते, ती मंठ्याच्या आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकाला का मिळू नये, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

म्हणून नातेवाइकांना माझे उत्तर असे: सेंद्रिय खात्रीची मिळाली आणि परवडली तर अवश्य घ्या. नाही मिळाली तर साधी मोसंबी धुऊन द्या. औषधाच्या भीतीने फळच बंद करणे हे सर्वांत वाईट. फळे-भाज्या न खाण्याने होणारे नुकसान निश्चित आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी रसाऐवजी अख्खे फळ बेताने खावे आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, एवढे पथ्य मात्र पाळावे.

फवारणाऱ्याच्या दृष्टीने

दोन्ही पद्धतींतला खरा फरक येथे दिसतो. खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश जातो तो मिलिग्रॅमच्या बारीकशा हिश्शात. फवारणाऱ्याच्या अंगावर तेच औषध ओंजळीने सांडते. कापसात फवारा खाली मारतात. मोसंबीचे झाड डोक्याच्या वर. गन वर धरून मारताना तुषार परत तोंडावर, मानेवर, छातीवर पडतात. शर्ट भिजतो आणि तोच भिजलेला शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके कातडीतून आत शिरतात, हे पुष्कळांना माहीत नसते. (यातल्या ‘सेंद्रिय’ शब्दाने फसू नका. हा रसायनशास्त्रातला शब्द आहे, सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही.)

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्या हंगामात कापूस माणसाच्या डोक्यापर्यंत वाढला होता आणि फवारा तोंडासमोर उडत होता. त्यातून शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. डोक्याएवढ्या कापसात जे झाले ते डोक्याहून उंच झाडांच्या बागेत होणार नाही, असे कसे म्हणता येईल?

आमच्या भागातले मजूर कापसात फवारतात, तसेच बागांमध्येही रोजाने जातात. हंगामात संध्याकाळी दवाखान्यात येतात आणि म्हणतात, “डोकं गरगरतंय, मळमळतंय. उन्हामुळं असंल. एक सलाईन लावा, उद्या परत जायचंय.” प्रत्येक वेळी ते ऊन नसते. म्हणून मी आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील, तोंडाला लाळ आणि अंगाला दरदरून घाम सुटला असेल, तर ते काम सलाईनचे नाही.

हा धोका कमी करण्याचा हिशेब सरळ आहे. नेहमीच्या पद्धतीत हंगामात दहा-बारा वेळा पंप उचलावा लागत असेल आणि एकात्मिक पद्धतीत तीन-चार वेळाच, तर तेवढे दिवस माणूस विषापासून लांब राहिला. सेंद्रिय बागेत कृत्रिम विषाची बाटली घरातच येत नाही. डॉक्टर म्हणून मला याचे फार मोल वाटते. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी हाताशी बाटली असणे आणि नसणे यात एका जिवाचा फरक असतो. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. औषधे कुलपात ठेवा, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा आणि घरात कोणी खचलेले दिसले तर त्याच्याशी बोला, त्याला डॉक्टरांकडे आणा.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

सेंद्रिय बागायतदारांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. अग्निअस्त्रात तंबाखू उकळतात. तंबाखूतले निकोटीन हे जहाल विष असून ते कातडीतून शोषले जाते. उघड्या हाताने अर्क ढवळणे, चुलीवर स्वयंपाकाच्याच भांड्यात तो उकळणे, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे हे प्रकार बंद व्हावेत. बोर्डो मिश्रणातला मोरचूद पोटात गेला तर जिवावर बेततो आणि वर्षानुवर्षे वापरल्यास तांबे जमिनीत साठत जाते. रोटेनोन हे वनस्पतींच्या मुळांपासून काढलेले कीटकनाशक परदेशात एकेकाळी सेंद्रिय शेतीतही चालत असे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. यातले पॅराक्वाट हे तणनाशक. ते पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही, हेही जाता जाता सांगतो.

जीवामृत, शेणस्लरी हाताळणाऱ्यांनी हातापायाला जखम असेल तर ती झाकावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. स्लरी फळावर उडू देऊ नये.

विषबाधा झाल्यास काय करावे?

लक्षणे: डोके दुखणे, अंधारी, मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, स्नायू फडफडणे. यातील दोन-तीन एकत्र दिसली की वाट पाहू नये.

१) माणसाला ताबडतोब बागेबाहेर, मोकळ्या हवेत आणा.
२) सर्व कपडे काढा. अंग, केस, नखे साबण व भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी.
३) मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तेल, तूप, ताक काहीही देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा.
४) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठा.
५) औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर आणा. नाव कळले की उपचाराची दिशा ठरते. काही विषांवर ॲट्रोपिन लागते, काहींवर वेगळे उपचार.
६) बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका. पहिल्या ते चौथ्या दिवसात मान व श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होऊ शकतात.

बागायतदारांसाठी

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहा. लाल अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. मजुराला हातमोजे, मास्क, चष्मा, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि भर उन्हात फवारू नका. फवारताना तंबाखू, विडी, जेवण नको. फुलोऱ्यात फवारणी टाळा, मधमाशा मरतात. वेष्टनावर फवारणी ते काढणीचा प्रतीक्षा काळ दिलेला असतो, तो पाळा. तारीख, औषध, प्रमाण यांची वही ठेवा. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मोसंबीवरील कोळ्यांसाठी पूर्वी वापरले जाणारे डायकोफॉल २०२३ साली बंद झाले. जुना साठा गोठ्यात पडला असेल तर तो वापरू नका, विहिरीजवळ ओतू नका, कृषी सहायकांना विचारा.

ज्यांना सेंद्रियकडे जायचे आहे, त्यांनी एकदम सगळी बाग न बदलता आधी एकात्मिक पद्धत पक्की करावी आणि थोड्या झाडांपासून सुरुवात करावी, असे मला अनेक बागायतदारांचे पाहून वाटते.

गिऱ्हाइकांसाठी

वेष्टनातल्या सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहा. थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यातून सूट आहे. तेथे माणूस ओळखीचा असावा आणि त्याला बिनधास्त विचारावे, “शेवटची फवारणी कधी केली? कशाची?”

फळ कापण्यापूर्वी धुवा, कारण सुरी सालीवरचे सगळे आत नेते. सालीसकट खायची फळे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग स्वच्छ पाण्याने धुवावीत. २०१७ साली सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात याने सालीवरचे अंश बरेच निघाल्याचे दिसले. सालीच्या आत मुरलेले औषध मात्र धुतल्याने निघत नाही.

आणखी एक. मोसंबीच्या सालीवर कोळ्यांमुळे तपकिरी डाग पडतात, त्याला शेतकरी मंगू म्हणतात. आत फळ चांगले असते, पण गिऱ्हाईक नाक मुरडते, व्यापारी भाव पाडतो आणि पुढच्या वर्षी बागायतदार नुसत्या चकाकीसाठी दोन फवारण्या जास्त करतो. त्या फवारण्या कोणाच्या तरी अंगावर पडतात. बाजारात डागी मोसंबी दिसली तर ती नाकारू नका, घासाघीस न करता घ्या. रस तितकाच गोड निघेल आणि कोणाच्या तरी घरचा माणूस दोन दिवस कमी भिजेल.